एकट्या अर्जाला आदरार्थी बहुवचन!

परवा एका कार्यालयाच्या पोर्टलवर माझ्या अर्जाचं काय झालं ते बघायला गेलो. स्क्रीनवर आलं, "तुमचे 1 अर्ज प्रलंबित आहेत." एकट्या अर्जाला एवढा मान! हसू आलं. पण मंडळी, या चुकीमागे एक इतिहास आहे.

सुरुवातीला सॉफ्टवेअरमधली वाक्यं इंग्रजी धरूनच रचली जात. आकडा 1 असेल तर 'फाइल', नाहीतर शेवटी 'एस' चिकटवा, झालं काम. हा नियम प्रोग्रामच्या पोटात असायचा. भाषांतर करणाऱ्याच्या हाती फक्त शब्द.

इतर भाषांत हे गाडं अडलं. पोलिशमध्ये 1 फाइल म्हणजे 'प्लिक', 2 ते 4 'प्लिकी', 5 ते 21 'प्लिकुव' आणि 22 ला परत 'प्लिकी'! स्लोव्हेनियनमध्ये द्विवचन आजही जिवंत आहे. अरबीला सहा रूपं लागतात, जपानीचं एकावर भागतं.

2000 च्या सुमारास ग्नू प्रकल्पाच्या 'गेटटेक्स्ट' या मुक्त साधनात तोडगा निघाला. भाषांतराच्या फाइलीतच वर एक ओळ लिहायची : या भाषेत रूपं किती आणि कोणत्या आकड्याला कोणतं. प्रोग्रामने आकडा द्यायचा, रूप भाषेने ठरवायचं. नियम इंग्रजीच्या हातून सुटला आणि ज्याच्या त्याच्या भाषेकडे गेला.

संस्कृतातलं द्विवचन प्राकृतातच गळालं, म्हणून मराठीला दोन रूपं पुरतात. सोपं वाटतं ना? पण 'अर्ज' हा शब्द बदलतच नाही, बदलतं ते आजूबाजूचं. 'तुमचा 1 अर्ज प्रलंबित आहे', 'तुमचे 3 अर्ज प्रलंबित आहेत'. 'फाइल मिळाली', 'फाइली मिळाल्या'. म्हणून अख्खं वाक्य दोनदा लिहावं लागतं. ती सोयही याच साधनात आहे.

म्हणजे वीसेक वर्षांपासून तंत्रज्ञान तयार आहे. कमी पडतो तो आपला आग्रह. 'पोर्टल मराठीत आहे' एवढ्यावर आपण खूश. उद्या आपली पोरं हीच वाक्यं रोज वाचतील आणि एक दिवस ती कुणाच्या कानाला खटकणारच नाहीत. मला भीती त्या दिवसाची आहे.

तेव्हा असं वाक्य दिसलं की नुसतं हसून सोडू नका. स्क्रीनशॉट काढा, दोन्ही बरोबर वाक्यं लिहा आणि त्या कार्यालयाला पाठवा. मी माझ्या 1 अर्जासाठी पाठवलीत!