अलगनी आणि वलनी

मागच्या वर्षी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या बोर्डावर एक नोटीस लागली. गॅलरीत रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते. "आता ड्रायर घ्या," बायको म्हणाली. मी मान डोलावली, पण मला जळकोटच्या अंगणातली दोरी आठवत राहिली. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी घरातले सगळे कपडे मी स्वतः धुतले आणि वाळत घातले.

जळकोट बालाघाटाच्या डोंगरी भागात, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. तिथलं मे महिन्यातलं ऊन असं की शेवटचा कपडा दोरीवर पडेपर्यंत पहिला वाळत आलेला असतो. पिळलेला सदरा जोरात झटकला की तोंडावर पाणी उडतं, तेवढंच गार वाटतं. रंगीत कपडा उलटा करून टाकायचा, पांढरा सुलटा. संध्याकाळी टॉवेल पापडासारखा कडक झालेला असतो. त्यात नाक खुपसलं की जो वास येतो तो कुठल्याही बाटलीतून येत नाही.

या वासाचाही शास्त्रज्ञांनी शोध घेतला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओले टॉवेल उन्हात आणि घरात वाळवून पाहिले गेले. उन्हात वाळलेल्या टॉवेलांवर अल्डिहाइड आणि कीटोन जातीची सुगंधी रसायनं सापडली. त्याच्याही खूप आधी, १८७७ साली, डाऊन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ थांबते हे दाखवलं होतं. माझ्या दादीला यातलं काही माहीत नव्हतं. पण बाळंतिणीचे कपडे आणि आजाऱ्याचं अंथरूण ती कडक उन्हातच टाकायला लावायची.

दादी दोरीला अलगनी म्हणायची. शेजारच्या लिंगायत घरातल्या अक्का वलनी म्हणायच्या. लहानपणी मला वाटायचं की हा एकच शब्द आहे, दोघींपैकी एक जण तो चुकीचा उच्चारते. मोठेपणी कळलं की एक शब्द दादीच्या दखनीतला, दुसरा मराठीतला. दोऱ्याही दोन होत्या, मध्ये कमरेएवढी मातीची भिंत.

त्या दोऱ्यांवरचे कपडे पाहून घर कुणाचं हे सहज सांगता आलं नसतं. आमच्या भागातल्या खेड्यांमध्ये मुसलमान बायाही लुगडंच नेसत, आणि शेतात राबणारे अनेक मुसलमान पुरुष धोतर वापरत. दोरीवर फरक दिसायचा तो एखाद्या तहमदीने, एखाद्या जानमाजने. हा एवढासा फरक १९४८ साली जिवावर बेतणारा ठरला.

तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला होता, आणि रझाकारांनी गावोगाव जे अत्याचार केले ते विसरता येण्यासारखे नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य शिरलं, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि तो करायलाच हवा. पण त्यानंतरच्या दिवसांत सूड उगवला गेला तो बहुतेक वेळा रझाकारांशी काही संबंध नसलेल्या गरीब मुसलमानांवर. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड ही नावं घेतली. हा अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आला नाही.

दादीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. ती सांगायची, महिनाभर आमची अलगनी रिकामी होती. दोरीवर तहमद दिसली म्हणजे घरात पुरुष आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणार. कपडे घरातच अंधारात वाळायचे आणि कुबट वास यायचा. मग एका रात्री अक्का भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "बोचकं इकडं दे." दुसऱ्या दिवशी दादीची लुगडी अक्कांच्या वलनीवर त्यांच्या लुगड्यांशेजारी वाळत होती. कुणाला काही कळलं नाही, कळण्यासारखं काही नव्हतंच. दादाची तहमद तेवढी अक्कांनी धोतराच्या घडीत आत घालून वाळवली. रात्री बोचकं परत आलं. दादी म्हणायची, "कपड्यांना उन्हाचा वास होता. घरात महिनाभर ऊन आलं नव्हतं, ते अक्कांनी बांधून पाठवलं."

पुढे आमची दोरी पुन्हा रिकामी दिसली ती पाण्यामुळे. १९७२च्या दुष्काळात अब्बा खडी फोडायला जायचे आणि घरात कपडे आठवड्यातून एकदा धुतले जायचे. २०१६ साली तर लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये कलम १४४ लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात मी जळकोटला गेलो होतो. ऊन नेहमीसारखंच कडक होतं, पण दोरीवर फक्त नमाजाचे दोन जोड होते.

म्हणून भरलेली दोरी पाहिली की मला बरं वाटतं. या घरात पाणी आहे आणि या घराला कुणाची भीती नाही, एवढं तरी ती सांगते. आमच्या सोसायटीला ती शोभा घालवणारी वाटते. असं वाटणारी आमची सोसायटी एकटी नाही. अमेरिकेतल्या अनेक वसाहतींनीही बाहेर कपडे वाळवायला बंदी घातली, तेव्हा फ्लोरिडासारख्या काही राज्यांना दोरी बांधण्याचा हक्क कायद्यात लिहावा लागला.

ड्रायर आम्ही अजून घेतलेला नाही. पुढच्या मीटिंगमध्ये मी गच्चीवर दोऱ्या बांधायची परवानगी मागणार आहे, सगळ्या बिऱ्हाडांसाठी एकत्र. मान्य झाली तर पहिली दोरी जळकोटहून आणीन.