माईनमुळ्याची कथा

लोणच्याच्या बरणींत मुरणारें मूळ एके दिवशीं नेत्रवैद्यांच्या चर्चेचा विषय होईल, असें कोणी सांगितलें असतें तर आमच्या गृहिणींनीं तें हसण्यावारीच नेलें असतें. माईनमुळ्याच्या बाबतींत तें खरोखर घडलें.

मुंबईस मुलुंड येथें हेक्स्ट या जर्मन कंपनीचें संशोधनकेंद्र होतें. तेथें १९७० नंतरच्या दशकांत डॉ. नोएल डिसूझा व त्यांचे सहकारी रक्तदाबावरील औषधासाठीं भारतीय वनस्पति तपाशीत होते. माईनमुळ्यांतून त्यांनीं वेगळ्या काढलेल्या द्रव्यास 'फोर्स्कोलिन' म्हणतात. म्हणजे नांव मिळालें तें १७६३ सालीं येमेनांत वारलेल्या फोर्स्कल नामक युरोपीय पंडिताचें! लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें त्याच वनस्पतींतून 'कोलिओनॉल' काढून त्याची रचना निराळी मांडली. दोन्ही द्रव्यें एकच, हें पुढें ठरलें.

काचबिंदूंत बहुधा डोळ्यांतील द्रवाचा दाब वाढून दृष्टीची नस सुकते, आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. १९८३ सालीं कॅप्रिओली व सीअर्स या अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, फोर्स्कोलिनच्या थेंबांनीं ससे, माकडें व माणसें यांच्या डोळ्यांतील दाब उतरतो. यांतील गंमत अशी कीं, १९७८ पासून अमेरिकेंत रूढ झालेलें टिमोलॉल पेशीच्या दाराशीं अडसर घालतें, तर फोर्स्कोलिन दार टाळून आंतील विकरास थेट चेतवितें. तरी दोहोंनीं द्रव कमीच पाझरतो.

पुढें १९९६ त लॅटॅनोप्रोस्ट आलें, आणि नित्याच्या उपचारांत फोर्स्कोलिन मागें पडलें. पेशींतील निरोपांचा अभ्यास करणाऱ्यांच्या प्रयोगशाळांत मात्र तें आजही हरघडी लागतें.