सॉफ्टवेअर स्थलांतर

एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर तेच काम तितक्याच भरवशाने करील, अशा रीतीने तेथे नेणे म्हणजे सॉफ्टवेअर स्थलांतर. प्रोग्रॅमर मंडळी याला ‘पोर्ट करणे’ म्हणतात. प्रस्तुत नोंद संस्थांनी स्वतःच्या गरजेसाठी खास बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरपुरती आहे. पगारपत्रक, करवसुली, जन्म-मृत्यूची नोंद, गोदामाचा हिशेब अशा कामांची सॉफ्टवेअर यात येतात. बाजारात तयार मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उत्पादक काढतो. खास सॉफ्टवेअरच्या स्थलांतराचा भार मात्र सर्वस्वी संस्थेवर पडतो आणि पुष्कळदा ते लिहिणारी माणसे तोवर संस्थेत राहिलेली नसतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये जन्मली. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत नव्याने लिहिला गेला. पुढे सी भाषेतील प्रोग्रॅम निरनिराळ्या यंत्रांवर नेताना बेल लॅबोरेटरीजमधील डेनिस रिची आणि स्टीव्हन जॉन्सन यांच्या लक्षात आले की, यंत्रांतील फरकापेक्षा ऑपरेटिंग सिस्टीममधील फरक अधिक छळतो. तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅम परक्या सिस्टीमवर बसवत राहण्यापेक्षा युनिक्सच नव्या यंत्रावर न्यावी, असे त्यांनी ठरवले आणि १९७७ च्या सुमारास ती इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर चालू केली. ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे यंत्र बदलण्याहून अवघड असते, हे त्या अनुभवातून स्पष्ट झाले. युनिक्सच्या अनेक शाखा फुटल्यावर त्यांच्यात समान दुवा राहावा म्हणून १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ हे मानक ठरले. विंडोज एनटी १९९३ मध्ये आली. तिची जडणघडण युनिक्सहून वेगळी होती. त्याच वर्षी, युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी ‘वाइन’ या प्रकल्पाचे काम सुरू झाले. वाइनची १.० ही आवृत्ती २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी निघाली.

कारणे : जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार उत्पादकाने थांबवणे हे सर्वांत सामान्य कारण आहे. आधार संपला की सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत आणि नवे हार्डवेअर जुळत नाही. परवान्यांचा खर्च, एकाच पुरवठादारावरचे अवलंबन टाळणे आणि सर्व्हर क्लाउडवर हलवणे ही इतर कारणे होत.

अडचणींचे स्वरूप : कोणताही प्रोग्रॅम फाइल उघडणे, छपाई करणे, वेळ विचारणे यांसाठी ऑपरेटिंग सिस्टीमवर विसंबतो. यांतील काही अवलंबन कोडमध्ये उघड दिसते. त्यावर कंपायलरच बोट ठेवतो, त्यामुळे ते निस्तरणे तुलनेने सोपे. खरा धोका गृहीत धरलेल्या गोष्टींचा असतो.

फाइलच्या नावातील कॅपिटल व लहान अक्षरांत विंडोज सहसा फरक करत नाही. लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली असतात. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन चिन्हे येतात, लिनक्सवर एक. विंडोजवर उघडी असलेली फाइल सहसा पुसता येत नाही. लिनक्सवर पुसता येते. म्हणून फाइलला कुलूप असेलच, या भरवशावर लिहिलेला कोड दोन कारकून एकाच वेळी काम करू लागले की दगा देतो. सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचा, तर ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा असतो. तो जसाच्या तसा फाइलमध्ये साठवला असेल, तर पलीकडे आकडे चुकीचे वाचले जातात. विंडोजच्या फाइलवेळेची मोजणी १६०१ पासून होते, युनिक्सची १९७० पासून. सेटिंग्ज विंडोजवर बहुधा रजिस्ट्रीत असतात, तर लिनक्सवर साध्या मजकुराच्या फाइलींत. वर्ड-एक्सेलमधील मॅक्रो, अ‍ॅक्सेसमधील छोटे डेटाबेस आणि प्रिंटरला थेट पाठवलेले संकेत हेही याच वर्गात मोडतात. अशी चूक प्रोग्रॅम बंद पाडत नाही. तो चालत राहतो आणि उत्तर चुकते, म्हणूनच ती उशिरा सापडते.

मराठी मजकुराचे प्रश्न : भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये आखली गेली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. १९९१ च्याच युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतली आहे. तरीही पुढे अनेक वर्षे छपाई आणि कार्यालयीन काम अशा फाँटांत होत राहिले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. असा मजकूर फाँटाविना नव्या सिस्टीमवर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी असल्याने त्याचे रूपांतरही वेगळे करावे लागते.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी काम संपत नाही. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ या शब्दांतील ऱ्ह, ऱ्य दोन प्रकारे साठवता येतात : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणक त्यांना वेगळे मानतो आणि शोध रिकामा परततो. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. जुनी सिस्टीम मराठी क्रम पाळत असेल आणि नवी नुसते क्रमांक पाहत असेल, तर नावांची यादी मुकाट्याने बदलते. जोडाक्षरे घडवण्याचे काम विंडोजवर दीर्घकाळ युनिस्क्राइबने केले, तर लिनक्सवर ते प्रामुख्याने हार्फबझ करते. त्यामुळे छापील दाखल्यावरील ओळीची रुंदीही तपासून पाहावी लागते.

पद्धती : (१) कोड आवश्यक तेथे दुरुस्त करून नव्या सिस्टीमसाठी पुन्हा कंपाइल करणे. (२) मध्ये एक थर घालून जुन्या सिस्टीमचा आभास निर्माण करणे. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर नेताना हाच मार्ग धरला. विंडोजच्या सेवा पुरवणारा एक थर बांधून २०१७ च्या आवृत्तीत तो लिनक्सवर उपलब्ध केला. (३) जुना प्रोग्रॅम आभासी यंत्रात किंवा टर्मिनल सर्व्हरवर ठेवून दुरून वापरणे. (४) तो ब्राउझरमधून चालणाऱ्या स्वरूपात आणणे, म्हणजे वापरणाऱ्याच्या टेबलावर कोणती सिस्टीम आहे हा प्रश्न बव्हंशी मिटतो. (५) पुन्हा मुळापासून लिहिणे. पाचवा मार्ग आकर्षक वाटतो, पण जुन्या कोडमधील विचित्र दिसणाऱ्या ओळी बहुधा एखाद्या नियमाची किंवा अपवादाची आठवण असतात. त्या समजून न घेता लिहिलेला नवा प्रोग्रॅम जुन्या चुका नव्याने करतो.

टप्पे : पहिला टप्पा मोजदादीचा. कोणते प्रोग्रॅम आहेत, कोण वापरते, स्रोतसंहिता कोठे आहे आणि कोणता प्रोग्रॅम कोणाला माहिती देतो, याची यादी होते. वर्षातून एकदाच, मार्चअखेर, चालणारा प्रोग्रॅम या यादीतून हमखास सुटतो. त्यानंतर जुन्या सिस्टीमची उत्तरे नमुन्यादाखल जपून ठेवली जातात व नवी उत्तरे त्यांच्याशी ताडली जातात. पुढे दोन्ही सिस्टीम काही काळ समांतर चालवतात. पगारासारख्या कामात निदान एक पूर्ण महिना आणि वर्षअखेर पाहिल्याविना जुनी सिस्टीम बंद करणे जोखमीचे असते. परतीची वाट अखेरपर्यंत मोकळी ठेवावी लागते.

म्यूनिकचा अनुभव : जर्मनीतील म्यूनिक महापालिकेने २८ मे २००३ रोजी आपले सुमारे १४,००० संगणक विंडोज एनटी ४.० वरून लिनक्सवर नेण्याचे ठरवले. प्रकल्पाचे नाव होते ‘लिमक्स’. निर्णयापूर्वी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी महापौर क्रिस्टियान ऊडे यांची जातीने भेट घेतली होती. प्रत्यक्ष स्थलांतर २००६ मध्ये सुरू झाले. खात्याखात्यांची संगणक व्यवस्था वेगळी असल्याने आधी तिचीच घडी बसवावी लागली. वर्षानुवर्षे साचलेले पत्रांचे नमुने व मॅक्रो यांच्यासाठी महापालिकेने ‘वोलमक्स’ हे स्वतःचे साधन लिहिले आणि २००८ मध्ये ते मुक्त सॉफ्टवेअर म्हणून सर्वांना खुले केले. काही खास प्रोग्रॅम वेबवर आणले, तर हलवता न येणारे दुरून चालवले. २०१३ च्या अखेरीस प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा १४,००० हून अधिक संगणक लिनक्सवर होते. पुढे सत्तेतील माणसे आणि धोरण बदलले. २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोज १० कडे परतण्याचा निर्णय घेतला. २०२० च्या नव्या आघाडीने पुन्हा खुल्या मानकांच्या बाजूने कौल दिला.

मूल्यमापन : म्यूनिकमधील तांत्रिक काम अवघड होते, पण ते पार पडले. टिकले नाही ते त्यामागचे एकमत. सॉफ्टवेअर ज्या सिस्टीमवर उभे असते, तिच्याइतकेच ते वापरणाऱ्यांच्या सवयींवर आणि खर्च मंजूर करणाऱ्यांच्या निर्णयावरही उभे असते; स्थलांतराच्या आराखड्यात हे तिन्ही धरावे लागतात. ऑपरेटिंग सिस्टीमचे आयुष्य बहुधा दहा-पंधरा वर्षांचे असते, तर जमीन, जन्म आणि निवृत्तिवेतन यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या लागतात. म्हणून खास सॉफ्टवेअर बनवून घेतानाच पुढच्या स्थलांतराची सोय करून ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. त्यासाठी स्रोतसंहितेवरचा हक्क करारात लिहून घेणे, माहिती खुल्या स्वरूपात आणि मजकूर युनिकोडमध्ये साठवणे व प्रत्येक अपवादाचे कारण कागदावर नोंदवणे आवश्यक आहे. ज्या संस्थेकडे केवळ चालणारा प्रोग्रॅम आहे आणि त्याची स्रोतसंहिता नाही, तिला स्थलांतराच्या वेळी आपलेच नियम प्रोग्रॅमच्या उत्तरांवरून उलटे शोधत जावे लागते.