चिऊच्या दाराआडचं यंत्र

चिऊ-काऊची गोष्ट इंजिनिअरच्या नजरेनं पाहिली तर ती एका दाराची गोष्ट आहे. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिऊचं दार ठोठावतो आणि आतून दर वेळी नवी सबब येते. बाळाची अंघोळ, मग पावडर, मग काजळ. ठोठावणं तेच, उत्तर वेगळं. लहानपणी मी बिनशर्त चिऊच्या बाजूनं होतो. पण पुण्यात भाड्याचं घर शोधताना आडनाव काय, लग्न झालंय का, हे सगळं दाराबाहेर उभं राहून सांगितल्यावर काऊबद्दल जरा वेगळं वाटायला लागलं.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी ते दार बनवायला घेतलं. एक लाकडी पेटी, बिजागरीला सर्व्हो मोटर, छोटा स्पीकर आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली पिझो चकती. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार तयार होतो, हे क्युरी भावंडांनी १८८० साली दाखवलं. त्याच तत्त्वावर ही चकती टकटक ऐकते. आर्डुइनो तिचा व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यात वाचतो, त्यामुळे टिचकी कोणती आणि बुक्की कोणती हे कळतं. (हा आर्डुइनो इटलीतल्या इव्हरेया गावच्या डिझाइन संस्थेत २००५च्या सुमारास जन्मला, तोही इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी.) सबबी आईच्या आवाजात रेकॉर्ड केल्या.

प्रश्न सुटे भाग जोडण्याचा नव्हता. दारानं कुणाला कसं उत्तर द्यायचं, हा होता. आणि तो माझ्या आधी पन्नासेक वर्षं एका माणसानं फार गंभीरपणे घेतला होता.

एडवर्ड इनातोविच हा पोलंडमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये काम करणारा शिल्पकार. १९६८ साली लंडनच्या आयसीएमध्ये याशिया राइखार्ट यांनी ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ हे प्रदर्शन मांडलं. त्यात इनातोविचचं ‘सॅम’ होतं : पाठीच्या कण्यासारखी मान, वर फुलासारखं डोकं आणि त्यात चार मायक्रोफोन. आवाज येईल तिकडे ते वळायचं. त्याच प्रदर्शनात गॉर्डन पास्कची टांगती यंत्रं प्रकाश आणि आवाजानं एकमेकांशी बोलायची, प्रेक्षकही मध्ये पडू शकायचे.

पुढे फिलिप्स कंपनीनं आइंडहोव्हनच्या ‘इव्होलुऑन’साठी त्याच्याकडून ‘सेन्स्टर’ करून घेतलं. १९७०मध्ये ते उभं राहिलं. खेकड्या-शेवंडांच्या नांग्यांवरून सुचलेली, चार मीटरहून लांब पोलादी मान, हायड्रॉलिक सांधे, डोक्यावर मायक्रोफोन आणि रडार, मागे संगणक. तुम्ही हळू बोललात की ते जवळ यायचं. ओरडलात किंवा झटकन हात हलवलात की मागे सरायचं. नियम एवढाच, पण बघणाऱ्यांना ते जिवंत वाटायचं. १९७४ साली ते उतरवलं गेलं. सांगाडा वर्षानुवर्षं नेदरलँड्समध्येच उघड्यावर उभा होता. २०१७ साली क्राकोच्या एजीएच विद्यापीठानं तो घेतला आणि पुन्हा हलता केला.

मला वाटतं, आज आपण ज्याला ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतो त्यातलं बरंचसं सेन्स्टरहून मागासलेलं आहे. बटण दाबलं की दिवा लागतो, बस. सेन्स्टर लाजायचं. माझी नोकरी प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांनी कमी करण्याची आहे, त्यामुळे मुद्दाम उशीर करणाऱ्या यंत्राचं मला अप्रूप आहे.

तरी सेन्स्टरचा नियम मी जसाच्या तसा घेतला नाही. हळू ठोठावणाऱ्याला आत घ्यायचं आणि जोरात ठोठावणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, हे संग्रहालयात शोभतं. पण पावसात भिजलेला काऊ हळू कसा ठोठावेल? ज्याला खरी गरज आहे त्याची टकटक मोठीच असणार.

म्हणून छपरावर एक पावसाची पट्टी बसवली. तिच्यावर थेंब पडला की तांब्याच्या रेघांमधला रोध उतरतो. छप्पर कोरडं असेल तर चिऊ पाच सबबी सांगते. ओलं असेल तर पहिल्याच टकटकीला दार उघडतं, टकटक कितीही जोराची असो.

सोसायटीच्या गणपतीत ते घर मांडलं. मोठी माणसं दोन सबबी ऐकून हसली आणि पुढे गेली. मुलांनी मात्र तासाभरात पट्टी शोधून काढली, आणि मग रांगेत उभी राहून पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून आधी छप्पर भिजवायला लागली.