पुलित्झरचे विद्यालय

वृत्तपत्रकार हा कचेरीत, मुद्रितांच्या ढिगाशेजारी घडतो; वर्गात बसून घडत नाही, ही समजूत आपल्याकडे जितकी जुनी तितकीच ती अमेरिकेतही आहे. ती मोडून काढण्यासाठी वीस लाख डॉलर देऊ करणारा गृहस्थ स्वतः मात्र कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता.

जोसेफ पुलित्झर १८४७ साली हंगेरीत जन्मला. १८६४ मध्ये तो अमेरिकेत उतरला तो यादवी युद्धात शिपाईगिरी करण्यासाठी, आणि तेव्हा त्याला इंग्रजी धड बोलताही येत नव्हते. सेंट लुई येथील एका जर्मन पत्रात बातमीदारी करीत करीत तो वर आला व १८८३ साली त्याने न्यूयॉर्कचे ‘वर्ल्ड’ विकत घेतले. पुढे हर्स्टच्या पत्राशी त्याची चढाओढ लागली. तीत दोघांनीही असे काही भडक रंग उधळले की ‘पिवळी वृत्तपत्रे’ हे नाव तेव्हापासून भाषेत कायमचे बसले.

अशा माणसाने १९०३ साली कोलंबिया विद्यापीठाशी वृत्तपत्रविद्येच्या शाळेचा करार केला, तेव्हा हे प्रायश्चित्त आहे असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. मला मात्र ते पुरते पटत नाही. त्याने कोलंबियाला प्रथम विचारले ते १८९२ साली, आणि हर्स्ट न्यूयॉर्कच्या आखाड्यात उतरला तो १८९५ मध्ये. पहिल्या खेपेस विद्यापीठाने त्याला नकार दिला होता, एवढेच.

खरा वाद पुढेच होता. शिकवायचे काय? हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांनी आखून दिलेल्या अभ्यासक्रमात पत्राचा कारभार, जाहिराती, खप ही सारी धंद्याची अंगे होती. पुलित्झरला ते बिलकूल रुचले नाही. दृष्टी जवळजवळ गेलेल्या या धनाढ्य मालकाने १९०४ साली ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये दीर्घ लेख लिहिला. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, आकडेशास्त्र, नीती हे सारे शिकवा. मात्र हिशेबाच्या खोलीला वर्गाबाहेर ठेवा, असा त्याचा आग्रह होता. खप वाढविण्याची कला त्याच्याइतकी कोणाला ठाऊक होती! म्हणूनच हा आग्रह मला मोलाचा वाटतो.

सल्लागार मंडळावर कोणाला घ्यावे यावरून त्याचे विद्यापीठाशी बिनसले, आणि शाळा आपल्या मरणानंतरच उघडा असे त्याने ठरविले. मधल्या काळात, १९०८ साली, मिसूरी विद्यापीठाने बाजी मारली. तेथील वॉल्टर विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांकडून खरेखुरे दैनिकच चालवून घेतले. (हेही पदवीधर नव्हते!) पुलित्झर १९११ मध्ये वारला व पुढच्याच वर्षी कोलंबियाचे वर्ग भरू लागले. १९१३ च्या तुकडीतला कार्ल अ‍ॅकरमन पुढे तेथेच अधिष्ठाता झाला. त्याच्या कारकिर्दीत, १९३५ साली, पदवीपूर्व वर्ग बंद झाले. आधी कोणत्याही विषयाची पदवी घ्या, मग वर्षभर येथे या, अशी रीत पडली. विद्या आधी, हुन्नर मागाहून, असा हा क्रम होता.

याच आवारात १९१३ च्या जुलैत बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर येऊन दाखल झाले. त्यांनी वृत्तपत्रविद्येच्या वर्गात नाव घातले नाही. ते अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र शिकले. म्हणजे पुलित्झरच्या यादीतलेच विषय. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला.