बीदर

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला, जांभ्या खडकाच्या पठारावर वसलेले तटबंद ऐतिहासिक शहर. उंची सुमारे ७०० मीटर. बहमनी सुलतान अहमदशाह वली (कारकीर्द १४२२–३६) याने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली. किल्ल्याचे बांधकाम १४३२ च्या सुमारास पुरे झाले. मराठी मुलखात बीदरचे नाव घरोघर गेले ते दामाजीपंतांच्या कथेतून. मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारांतील धान्य दामाजीपंतांनी दुष्काळात वाटून टाकले आणि त्याची रक्कम विठ्ठलाने महाराच्या वेषात येऊन भरली, ती याच बीदरच्या बादशहाकडे.

शहराची घडण खडकानेच ठरविली. उत्तर व पूर्व अंगांना पठाराचा कडा तुटलेला असल्याने तिकडे निसर्गाचेच संरक्षण आहे. शहराकडच्या सपाट बाजूला मात्र खंदकावाचून भागत नव्हते. तेथे खडक कोरून तिहेरी खंदक काढला. दोन खंदकांमधली भिंत म्हणजे न तोडता राखलेला मूळ खडक. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, उघड्या हवेत टणक होतो, त्यामुळे तट-बुरुजांसाठी तो सोयीचा. पण सच्छिद्र असल्याने त्यात नाजूक कोरीवकाम होत नाही. बीदरच्या इमारतींवर चुन्याचा गिलावा आणि रंगीत चकचकीत फरश्या एवढ्या प्रमाणात दिसतात, त्यामागे इराणी आवडीइतकीच या दगडाची अडचणही असावी. जेथे कोरीव चौकट हवी होती तेथे काळा पाषाण वापरला आहे.

पाण्याचीही हीच गोष्ट. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि खालच्या कठीण काळ्या खडकावर अडते. या सांध्यालगत बोगदे खणून, ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडून पाणी केवळ उताराने वाहते ठेवण्याची इराणी पद्धत, म्हणजे कारेझ, येथे पंधराव्या शतकात आली. नौबाद येथील कारेझ त्यांत प्रसिद्ध आहे.

किल्ल्यातील सोळा खांब मशीद १४२३–२४ ची, म्हणजे राजधानी पुरती स्थिरावण्याआधीची आहे. दालनात बसके गोल खांब ओळीने उभे आहेत, सजावट बेताचीच. तख्त महालाच्या भिंतीवर सिंह आणि उगवता सूर्य यांची चित्रे फरश्यांत होती. रंगीन महाल हा बहमनींनंतरच्या बरीदशाहीतील सुलतान अली बरीद (१५४२–८०) याच्या काळचा. लाकडी कोरीव खांब आणि काळ्या दगडात शिंपल्याची जडणी ही त्याची ओळख. आकाराने लहान असूनही कारागिरीत तो किल्ल्यातल्या मोठ्या महालांपेक्षा सरस ठरतो.

किल्ल्याच्या दक्षिणेला जुने शहर. त्याला स्वतंत्र तट असून मंगळपेठ, फतेह, तालघाट, दुल्हन व शहागंज हे पाच दरवाजे आहेत. मुख्य रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तेथे चौबारा हा गोल टेहळणी बुरूज आहे. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महमूद गवानचा मदरसा लागतो. इराणातील गिलानहून आलेला गवान बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने १४७२ मध्ये बांधविलेली ही तिमजली वास्तू खुरासानच्या धाटणीची आहे : मधे चौक, चारही बाजूंना उंच कमानी, भोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या, दर्शनी कोपऱ्यांना मनोरे. निळ्या, पांढऱ्या व पिवळ्या फरश्यांतील वेलबुट्टी आणि कुराणातील वचने आजही तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहेत. पुढे बनावट पत्राचा आधार घेऊन गवानला राजद्रोही ठरविले गेले आणि १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मदरशाचाही घात झाला तो दारूच्या स्फोटाने. मोगल अमदानीत, सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या त्या स्फोटात एक मनोरा व दर्शनी भागाचा मोठा तुकडा गेला.

शहराच्या पूर्वेस अष्टूर येथे बहमनी सुलतानांचे मकबरे आहेत. अहमदशाह वलीच्या मकबऱ्यात आतून रंगविलेले घुमट व भिंती आहेत. त्याच्या उरुसाला हिंदू व मुसलमान दोघेही येतात आणि लिंगायतांत तो अल्लमप्रभू मानला जातो. हुमायून सुलतानाचा मकबरा उभा चिरलेला असून निम्माच उरला आहे. वाटेवरची सूफी संत हजरत खलीलुल्लाहची अष्टकोनी चौखंडी काळ्या दगडातील सुलेखनासाठी पाहावी. पश्चिमेकडच्या बरीदशाही मकबऱ्यांत अली बरीदचा मकबरा चारही बाजूंनी उघडा आहे.

बीदर १६१९ मध्ये विजापूरकरांकडे, १६५७ मध्ये औरंगजेबाकडे व पुढे निजामाकडे गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते कन्नड भाषकांच्या राज्यात आले. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडविणारे बिदरी काम शहरात चालू आहे. भांडे काळे करण्यासाठी कारागीर किल्ल्यातील माती नवसागरासह वापरतात. चांदीवर तिचा परिणाम होत नाही.