खळ, डिंक, सरस आणि त्यानंतर : ग्रंथांवरील चिकट अवशेषांचा विचार

जुन्या पुस्तकांच्या बाजारातून हाती आलेल्या ग्रंथावर किंमत, विक्रेत्याचे नाव किंवा ग्रंथालयाचा क्रमांक दर्शविणारी चिठ्ठी बहुधा आढळते. ती ओढून काढली की मागे चिकट थर उरतो. त्यावर धूळ बसते, शेजारच्या ग्रंथाचे वेष्टन त्यास चिकटते आणि कालांतराने कागदावर तपकिरी डाग उमटतो. हा थर कसा काढावा हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. त्याचे उत्तर मात्र चिकट द्रव्यांच्या इतिहासात शोधावे लागते.

मराठीत या द्रव्यांना तीन स्वतंत्र नावे आहेत. पीठ शिजवून केलेली ती खळ, झाडातून स्रवणारा तो डिंक आणि जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला तो सरस. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीचे कारागीर तीत मोरचूद मिसळीत. या तिहींचे मूळ भिन्न असले तरी एक गुण समान आहे : पाण्याच्या किंवा कोमट ओलाव्याच्या योगाने ती सैल पडतात. युरोपातील स्थितीही निराळी नव्हती. ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या मुद्रित ग्रंथस्वामित्व-चिठ्ठ्यांत हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग याची सुमारे १४८० ची चिठ्ठी गणली जाते. त्याने बुक्सहाइम येथील मठाला दिलेल्या ग्रंथांत ती डकविलेली होती. १८४० साली इंग्लंडात निघालेले पहिले टपाल तिकीटही ओले करूनच चिकटवावे लागे.

या परंपरेत खंड पडला तो रबरामुळे. रबर व राळ यांच्या मिश्रणाने लेपलेल्या वैद्यकीय पट्टीचे पेटंट अमेरिकेत १८४५ साली दिले गेले. रिचर्ड ड्रू याने १९२५ साली रंगाऱ्यांसाठी चिकटपट्टी आणि १९३० साली पारदर्शक पट्टी तयार केली. १९३५ साली स्टॅन्टन एव्हरी याने स्वयंचिकट चिठ्ठ्यांचे उत्पादन सुरू केले. हे द्रव्य केवळ दाबाने चिकटते, त्यास पाणी लागत नाही. आणि म्हणूनच ते पाण्याने सहसा सुटतही नाही. आपल्या व्यवहारात मात्र या नव्या द्रव्याला वेगळे नाव मिळाले नाही. उलट 'गम' या एकाच शब्दाने जुन्या तिन्ही नावांना मागे सारले. शब्दांतील भेद लोपला, आणि त्याबरोबर उपायांतील विवेकही. स्वयंचिकट चिठ्ठीवर पाणी लावून कागद कुजविणे हा त्याचाच परिणाम होय.

रबरी द्रव्य कसे जीर्ण होते याची मीमांसा रॉबर्ट फेलर व डेव्हिड एन्के यांनी १९८२ साली केली. प्रारंभी काही काळ ते स्थिर राहते. पुढे ऑक्सिजनच्या क्रियेने तेलकट होऊन कागदात झिरपते. अखेरीस कठीण व तपकिरी बनते. पहिल्या अवस्थेत काढणे सोपे, तिसऱ्या अवस्थेत जवळजवळ अशक्य.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. खळ किंवा डिंक असल्यास मेथिलसेल्युलोजचा घट्ट लेप चिठ्ठीवर काही मिनिटे ठेवावा. ओलावा हळूहळू आत जातो व चिठ्ठी बोथट पात्याने उचलता येते. तथापि गुळगुळीत आर्ट पेपरवर किंवा कापडी बांधणीवर पाण्याचा प्रयोग टाळावा. रबरी थर असल्यास प्रथम क्रेप रबराच्या तुकड्याने तो हलकेच गोळा करावा. तेवढ्याने न भागल्यास हेप्टेन किंवा शुद्ध नॅफ्था कापसाच्या बोळ्यावर अत्यल्प घ्यावा. शाई व रंग विरघळतात काय, हे आधी एका कोपऱ्यात तपासावे. खोली हवेशीर असावी व जवळपास ज्योत नसावी. खाद्यतेल किंवा निलगिरीचे तेल चिकटपणा घालवते खरे, परंतु सच्छिद्र कागदावर स्वतःचा डाग ठेवून जाते. नखाने खरवडल्यास कागदाचे तंतूच निघून येतात.

एक प्रश्न याही आधीचा आहे : चिठ्ठी काढावी काय ? विक्रेत्याचे नाव, गाव व किंमत यांवरून ग्रंथ कोणत्या वाटेने वाचकापर्यंत पोहोचला हे कळते. पुष्कळदा दुसरा पुरावा उरलेला नसतो. खळीने डकविलेली जुनी चिठ्ठी कागदास अपाय करीत नसेल तर ती जागीच राहू द्यावी. स्वयंचिकट चिठ्ठी मात्र तशी ठेवणे धोक्याचे. तिचे छायाचित्र घ्यावे, मजकूर शिसपेन्सिलीने आतील पानावर नोंदवावा आणि मगच ती काढावी. स्वच्छ झालेल्या ग्रंथाने आपला इतिहास गमावला तर ती सफाई संशोधकास महाग पडते.